वाटून घेतलेला भार: हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधली निवड आणि तिच्यामागचा तर्क

मागच्या व्याख्यानात आपण ‘पुरावा नसणे’ आणि ‘नसण्याचा पुरावा’ या दोन गोष्टींपाशी थांबलो होतो. त्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की हे सगळं पुस्तकातच राहणार, की त्यावर कुणाचं काही अवलंबून असतं? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज एक असं उदाहरण घेतलं आहे, ज्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. विषय ऐकून काही जण दचकले असतील: हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये गिअरची कोणती मांडणी निवडायची, आणि ती निवड ज्या तर्कावर होते तो तर्क कितपत टिकतो?

आम्ही अभियंते नव्हे. दात्याचा कोन किती ठेवावा हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण ‘अमुक मांडणी अधिक सुरक्षित, कारण तमुक’ असं वाक्य कुणी उच्चारलं, की त्यातल्या ‘कारण’ या शब्दाची तपासणी करणं हे आमचं काम. आयुष्यभर तेच शिकवलं. आज आमची टीका आहे ती या ‘कारण’वर, गिअर बनवणाऱ्यांच्या कौशल्यावर नव्हे.

आधी अडचण काय आहे ते समजून घेऊ. अमेरिकन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर घ्या. त्याच्या इंजिनातली टर्बाइन मिनिटाला सुमारे 20,900 फेरे घेते. वरचा मोठा रोटर मात्र मिनिटाला 258 फेरेच घेतो. त्याहून जोरात फिरवला तर पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाच्या फार जवळ जातात आणि सगळं बिघडतं. म्हणजे मधे कुणीतरी वेग सुमारे 81 पटींनी उतरवायला हवा. आता वेग उतरला की पीळ, म्हणजे टॉर्क, त्याच पटीत चढतो. उदाहरणादाखल 2,000 किलोवॉट शक्ती धरा. टर्बाइनपाशी तिचा टॉर्क साधारण 900 न्यूटन-मीटर असतो. तीच शक्ती रोटरपाशी पोहोचते तेव्हा टॉर्क 74,000 न्यूटन-मीटर झालेला असतो. शिवाय इंजिन आडवं बसवलेलं, रोटरचा दांडा उभा. म्हणजे दिशाही काटकोनात वळवायची. आणि हे सगळं करणारी पेटी वजनाला हलकी हवी, कारण तिचा प्रत्येक किलो म्हणजे तेवढं कमी इंधन, कमी सामान किंवा कमी माणसं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हेलिकॉप्टरला इंजिनं बहुधा दोन असतात. एक बंद पडलं तर दुसरं असतं. दोन्ही बंद पडली तरी मधला एकदिशी क्लच सुटतो आणि रोटर वाऱ्याच्या जोरावर फिरत राहतो. चांगला वैमानिक तेवढ्यावर यंत्र खाली उतरवतो. त्याला ऑटोरोटेशन म्हणतात. पण मुख्य गिअरबॉक्स एकच असतो. रोटर फिरवणारा तोच, आणि यंत्राचं सगळं वजन ज्याच्या आधाराने रोटरला लटकतं तोही तोच. तो फुटला तर वैमानिकाच्या हातात काही उरत नाही. मोटारीचा गिअरबॉक्स गेला तर आपण रस्त्याच्या कडेला उभे राहतो. इथे रस्त्याला कडाच नाही.

आता मांडण्या. फार खोलात न जाता तीनच घराणी सांगतो.

पहिलं घराणं ग्रहमालेचं, प्लॅनेटरी किंवा एपिसायक्लिक. मधे सन गिअर, त्याच्याभोवती प्लॅनेट गिअर, आणि सगळ्यांना वेढणारी, आतून दाते असलेली रिंग. रिंग स्थिर, सन फिरतो, प्लॅनेट स्वतःभोवती आणि सनभोवती फिरतात, आणि प्लॅनेट ज्या चौकटीवर बसवलेले असतात ती चौकट, म्हणजे कॅरिअर, रोटर फिरवते. ब्लॅक हॉकच्या शेवटच्या टप्प्यात सनला 62 दाते, प्रत्येक प्लॅनेटला 83, रिंगला 228 आणि प्लॅनेट 5. गणित सोपं आहे: रिंगच्या दात्यांना सनच्या दात्यांनी भागा आणि 1 मिळवा. उत्तर येतं 4.68. तेवढ्या पटीने वेग उतरतो. सगळा ऐवज एकाच अक्षाभोवती, आटोपशीर, हलका. बहुतेक हेलिकॉप्टरांचा शेवटचा टप्पा असाच असतो, तो उगीच नाही.

दुसरं घराणं विभाजित टॉर्कचं, स्प्लिट टॉर्क. इंजिनाकडून आलेली शक्ती दोन किंवा अधिक वाटांनी नेऊन शेवटी एकाच मोठ्या गिअरवर सगळ्या बाजूंनी आणून सोडायची. शेवटच्या एकाच टप्प्यात वेग दहाच्या घरात उतरवता येतो, म्हणून टप्पे कमी लागतात आणि सुटे भाग कमी होतात. रशियाचं मिल-26 हे या घराण्यातलं सर्वांत थोरलं. सध्याच्या अमेरिकन सीएच-53के मध्येही हीच कल्पना आहे, आणि अपाचीच्या ई आवृत्तीत ती फेस गिअर नावाच्या चपट्या गिअरसोबत वापरली आहे.

तिसरं घराणं दात्याचा आकारच बदलणाऱ्यांचं. ब्रिटनचं लिंक्स 1971 मध्ये पहिल्यांदा उडालं. त्यात एका गिअरचा दाता फुगीर आणि दुसऱ्याचा खोलगट होता. एक दुसऱ्यात बसतो, म्हणून स्पर्शाचं क्षेत्र वाढतं आणि दाता जास्त भार घेतो. त्यामुळे गिअरबॉक्स बुटका झाला, भागही कमी लागले. बदल्यात दोन गिअरमधलं अंतर फार काटेकोर राखावं लागतं.

ही झाली ओळख. आता टीकेकडे वळतो. या विषयावरचं लेखन वाचताना आम्हाला तीन ठिकाणी तर्क घसरलेला दिसला. एकेक घेऊ.

पहिली घसरण: भार वाटून घेणे म्हणजे पर्याय असणे, हा समज.

ग्रहमालेचं कौतुक करताना म्हटलं जातं, की भार पाच किंवा आठ प्लॅनेटमध्ये वाटला जातो, म्हणून ही मांडणी भरवशाची. यात अर्धं खरं आहे, आणि ते आधी प्रामाणिकपणे मांडायला हवं. रोलर बेअरिंगवरचा भार निम्मा केला तर त्याचं अपेक्षित आयुष्य जवळजवळ दहापट होतं, असा सर्वमान्य हिशेब आहे. म्हणजे भार वाटण्याने प्रत्येक भागाचं आयुष्य नुसतं वाढत नाही, भरमसाट वाढतं. हे नाकारण्याचं कारण नाही.

पण ‘प्रत्येक जण सहसा मोडणार नाही’ हे एक विधान झालं, आणि ‘एक मोडला तर बाकीचे सांभाळतील’ हे दुसरं. पहिल्यावरून दुसरं निघत नाही. पालखीला आठ भोई असतात. एकाच्या पायात काटा गेला तर तो बाजूला होतो आणि सात जण पालखी तोलून धरतात. याला पर्याय असणं म्हणतात. ग्रहमालेतल्या भोयाला बाजूला होण्याची सोय नाही. तो रिंगच्या आत कोंडलेला आहे. तो पडला की उरलेल्या सातांच्या पायांत येतो. मोडलेल्या प्लॅनेटचा तुकडा दोन दात्यांमध्ये सापडतो आणि सगळी माळ अडते. तेव्हा इथे आठ प्लॅनेट म्हणजे आठ आधार नव्हेत. ‘सगळे शाबूत असले पाहिजेत’ अशा आठ अटी आहेत. अटी वाढल्या की भरवसा वाढत नाही.

आणखी एक बारकावा. भार खरोखर सारखा वाटला जातो का? तीन दगडांची चूल कधी डुगडुगत नाही. चार पायांचं टेबल डुगडुगतं. तीन प्लॅनेट असले आणि सनला थोडं हलू दिलं, तर भार आपोआप सारखा होतो. पाच-आठ झाले की तो केवळ भूमितीने सारखा होत नाही. मग अचूक घडण आणि जरा लवचीक बैठक यांच्या मदतीने तो सारखा करून घ्यावा लागतो. विभाजित टॉर्कलाही हीच अडचण आहे. दोन वाटांपैकी एक केसभर घट्ट असली तर सगळा भार तीच घेते. म्हणून त्या शाफ्टना मुद्दाम पिळण्याची लवचीकता ठेवतात. म्हणजे ‘भार वाटला जातो’ हे निसर्गाने दिलेलं नसतं, कारागिराने कमावलेलं असतं. आणि जे कमावलेलं असतं, ते गमावलंही जाऊ शकतं.

हे नुसतं बोलणं नव्हे. 1 एप्रिल 2009 रोजी स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ समुद्रावर सुपर प्यूमा एएस-332 एल2 जातीचं हेलिकॉप्टर तेलविहिरीवरून परत येत होतं. त्याच्या ग्रहमालेच्या दुसऱ्या टप्प्यातला एक प्लॅनेट गिअर थकव्याच्या तड्याने फुटला. रिंग फाटली, गिअरबॉक्सचं कवच उघडलं आणि रोटर यंत्रापासून वेगळा झाला. 16 जण होते, एकही वाचला नाही. त्यानंतर सात वर्षांनी, 29 एप्रिल 2016 रोजी, नॉर्वेत बर्गनजवळच्या टुरॉय इथे त्याच कुळातलं ईसी-225 हेलिकॉप्टर तसंच पडलं. पुन्हा दुसरा टप्पा, पुन्हा एक प्लॅनेट, पुन्हा रोटर वेगळा. 13 जण गेले. त्या टप्प्यात प्लॅनेट आठ होते. सात धडधाकट असून काही उपयोग झाला नाही.

आता दुसरी घसरण. हिच्यासाठीच खरं तर आम्ही हा विषय घेतला. न दिसणे म्हणजे नसणे, हा समज.

गिअरबॉक्सच्या तेलात चुंबकी खुंट्या बसवलेल्या असतात, त्यांना चिप डिटेक्टर म्हणतात. गिअर किंवा बेअरिंग झिजू लागलं, की त्याच्या पृष्ठभागाचे टवके निघतात, तेलाबरोबर वाहतात, चुंबकाला चिकटतात आणि इशारा मिळतो. यातून अनुमान निघतं: कण नाहीत, म्हणून बिघाड नाही.

आपल्याकडे मीमांसकांच्या भाट्ट परंपरेने आणि अद्वैत वेदान्ताने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं. पण त्यांनी लगेच एक अट घातली, योग्यतेची. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच न दिसणं हे नसण्याचं प्रमाण होतं. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही. आपल्या जुन्या पंडितांची ही अट आम्ही वर्गात शेकडो वेळा सांगितली असेल. तिचं इतकं भीषण उदाहरण कधी मिळालं नव्हतं.

बघा काय घडलं. या कुळातल्या प्लॅनेट गिअरची रचना अशी, की गिअरच्या आतलं भोक हीच बेअरिंगची बाहेरची वाट. म्हणजे रोलर थेट गिअरच्या अंगावर आतून धावतात. वेगळी कडी बसवावी लागत नाही, वजन वाचतं, जागा वाचते. तर्क असा होता, की या वाटेवर थकवा आला तर आधी पृष्ठभागाचे टवके उडतील, ते चुंबकावर येतील आणि आपण वेळेत गिअर काढून टाकू. टुरॉयच्या चौकशीत समुद्रतळावरून शोधून काढलेले तुकडे जुळवले, तेव्हा दिसलं ते वेगळंच. बेअरिंगच्या वाटेवरच्या अगदी लहानशा खड्ड्यापासून तडा निघाला. मग तो पृष्ठभागावर टवके उडवत बसला नाही. कठीण केलेल्या थराखालून, आतल्या आत, दात्यांच्या दिशेने सरकत गेला. कण पडले ते इतके थोडे, की इशारा मिळालाच नाही. वैमानिकांची चूक नव्हती, देखभाल करणाऱ्यांचीही चूक आढळली नाही. बिघाडाची ही तऱ्हा आधी कुणी कल्पिलीच नव्हती, असा 2018 च्या अहवालाचा सूर आहे.

म्हणजे योग्यतेची अटच मोडली होती. ‘तडा असता तर कण दिसले असते’ हे आधारविधान एका जातीच्या तड्यांना लागू होतं, सगळ्या नाही. चुंबक खोटं बोलला नाही. त्याला जो प्रश्न विचारता येत नव्हता, त्याचं उत्तर आपण त्याच्या मौनातून काढलं.

2009 चं प्रकरण तर आणखी बोलकं आहे. तिथे अपघातापूर्वी सुमारे 36 उड्डाणतास आधी एक कण चिप डिटेक्टरवर सापडला होता. पण पुढची तपासणी जशी व्हायला हवी होती तशी झाली नाही; निर्माता आणि देखभाल करणारे यांच्यात बोलण्याचा घोटाळा झाला. त्यात गंमत अशी, की ग्रहमालेच्या खाली चुंबकांचं एक कडं बसवलेलं होतं. कण खाली जाऊन बाकीच्या भागांना इजा करू नयेत म्हणून ते त्यांना तिथेच धरून ठेवी. हेतू चांगला, परिणाम उलटा. कण तिथेच अडकले तर खालच्या डिटेक्टरपर्यंत जाणार कसे? सुरक्षेच्या एका उपायाने दुसऱ्या उपायाचे डोळे बांधले. अपघातानंतर ती चुंबकं काढायला लावली.

एक गोष्ट आम्हाला फार बोचते. 2009 च्या अपघातात त्या फुटलेल्या गिअरचा काही भाग सापडलाच नाही, म्हणून तडा नेमका कुठून निघाला हे ठरवता आलं नाही. मग उपाय कुठल्या दिशेने झाले? कण लवकर पकडण्याच्या दिशेने. समजण्यासारखं आहे. पण न सापडलेला तुकडा हाच अनुपलब्धीचा धडा होता. जे सापडलं नाही त्याच्याविषयी आपण ‘नेहमीसारखंच असेल’ असं धरून चाललो. सात वर्षांनी 13 जणांनी त्याची किंमत दिली. हे बोलणं आज सोपं आहे, तेव्हा ते सोपं नव्हतं, हे आम्ही जाणतो. तरीही टीकेचं काम हेच, की सोप्या झालेल्या शहाणपणाचा पुढच्या निवडीत उपयोग व्हावा.

तिसरी घसरण: जे फार दुर्मीळ आहे ते विचारातून वगळता येतं, हा समज.

गिअरबॉक्समध्ये शक्तीतला दोन-तीन टक्के भाग उष्णता होऊन जातो. 2,000 किलोवॉटच्या यंत्रात ही 40 ते 60 किलोवॉट उष्णता झाली. घरातल्या पंचवीस-तीस गिझरांएवढी. ती तेल वाहून नेतं. तेल गेलं तर गिअर काही मिनिटांतच तापून मऊ पडतात. टप्पे जितके जास्त तितके घासणारे दाते जास्त, म्हणून मांडणीच्या निवडीशी याचा थेट संबंध आहे. यासाठी मोठ्या हेलिकॉप्टरांच्या नियमात 30 मिनिटांची अट होती: तेल गेल्यावरही गिअरबॉक्सने अर्धा तास चालावं. पण अटीला एक शेपूट होतं. तेल जाण्याची शक्यता अत्यंत दुर्मीळ असल्याचं दाखवता आलं, तर सूट.

सिकोर्स्की एस-92 चं काय झालं? प्रमाणनाच्या वेळी तेलाविना घेतलेल्या चाचणीत गिअरबॉक्स अर्धा तास टिकला नाही. मग ऑइल कूलरकडची गळती बंद करणारी झडप बसवली, आणि बाकीच्या वाटांनी तेल जाणं अत्यंत दुर्मीळ आहे, असा युक्तिवाद मान्य झाला. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियात तेल-फिल्टरचं भांडं धरून ठेवणारे टायटॅनियमचे स्टड तुटले आणि तेल गेलं. ते यंत्र कसंबसं उतरलं. जानेवारी 2009 मध्ये स्टड बदलण्याची सूचना निघाली, पण मुदत होती 1,250 उड्डाणतास किंवा एक वर्ष. 12 मार्च 2009 रोजी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळ तेच स्टड तुटले. तेल गेल्यापासून 11 मिनिटांत यंत्र समुद्रावर आदळलं. 18 पैकी 17 जण गेले.

यात तर्कदोष कुठे? गिअरची मांडणी ‘तेल गेलं तर’ या प्रश्नासमोर उभी करायची होती. त्याऐवजी ‘तेल जाणारच नाही’ असं उत्तर देऊन प्रश्नच खोडला गेला. ‘अत्यंत दुर्मीळ’ हे मोजमाप असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते आपल्या कल्पनाशक्तीचं माप असतं. तेल जाण्याच्या जेवढ्या वाटा आपल्याला सुचल्या, तेवढ्यांचीच ती बेरीज. आणि ऑस्ट्रेलियात ती घटना एकदा घडल्यावर ‘दुर्मीळ’ या शब्दाचा आधारच गेला होता. तरी कागदावर तो शब्द तसाच राहिला.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, की आम्ही ग्रहमालेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून विभाजित टॉर्कची वकिली करतो आहोत. तसं अजिबात नाही. विभाजित टॉर्कमध्ये वाटा दोन असल्या तरी त्या एकाच मोठ्या गिअरवर येऊन मिळतात. त्याला तडा गेला तर पुढे पर्याय नाहीच. शिवाय 6 नोव्हेंबर 1986 विसरू नका. त्या दिवशी शेटलंडच्या समबरोजवळ चिनूक समुद्रात पडलं आणि 45 जण गेले. तिथे दगा दिला तो पुढच्या गिअरबॉक्समधल्या स्पायरल बेव्हल जातीच्या रिंग गिअरने. ग्रहमालेचा त्यात दोष नव्हता. तो फुटल्यावर पुढच्या आणि मागच्या रोटरचा मेळ सुटला आणि पाती एकमेकांवर आदळली. आणि तो गिअर सुधारित आवृत्तीचा होता! तेव्हा निर्दोष मांडणी असं काही नसतं.

मग निवड करायची कशी? पाठ्यपुस्तकात एक तक्ता असतो. डावीकडे मांडण्या, वर वजन, किंमत, आवाज, भागांची संख्या, विश्वासार्हता, प्रत्येकाला गुण, गुणांना भारांक, शेवटी बेरीज. ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. आमचा आक्षेप तक्त्याला नाही. किराणा आणायला जातानाही आपण यादी करतोच. आक्षेप आहे तो त्यातल्या अदलाबदलीला. वजनातले दोन गुण विश्वासार्हतेतल्या दोन गुणांची भरपाई करू शकतात, हे कुणी ठरवलं? किलो आणि जीव एका तागडीत तोलता येतात, असं गृहीत धरूनच तक्ता सुरू होतो. आणि त्या ‘विश्वासार्हता’ नावाच्या रकान्यात भरलेला आकडा कुठून येतो? माहीत असलेल्या बिघाडांवरून. टुरॉयचा बिघाड त्या रकान्यात असणं शक्यच नव्हतं.

याउलट मिल-26 कडे बघा. दोन इंजिनं, प्रत्येकी 11,000 हून अधिक अश्वशक्तीची. 32 मीटर व्यासाचा, आठ पात्यांचा रोटर, मिनिटाला अवघे 132 फेरे. टॉर्क दहा लाख न्यूटन-मीटरच्या घरात. त्याआधीच्या मिल-6 मध्ये ग्रहमाला होती. तीच फुगवून इथे बसवली असती तर गिअरबॉक्स अवाढव्य जड झाला असता. मिल डिझाइन ब्युरोने घराणंच बदललं आणि पुष्कळ वाटांनी शक्ती एका मोठ्या गिअरवर आणली. यंत्र 1977 मध्ये उडालं. आपल्या हवाई दलानेही ते वापरलं. 2013 साली उत्तराखंडच्या प्रलयात गौचरला इंधन पोहोचवलं ते यानेच. इथे शिकण्यासारखं हे, की निवड ‘कोणती मांडणी उत्तम’ या प्रश्नाने झाली नाही. ‘या आकाराला, या कामाला, आधीच्या उत्तराचं काय होतं’ या प्रश्नाने झाली. प्रश्न बदलायची तयारी असणं, हीच तिथली हुशारी.

तेव्हा आम्ही तक्त्याच्या आधी तीन प्रश्न ठेवू. एक: या मांडणीतला कोणताही एक भाग मोडला तर उरलेले भाग सांभाळतात, की तेच त्याला चिरडून पुढे जातात? दोन: तो भाग मोडण्याआधी जी खूण देईल असं आपण म्हणतो, ती खूण तो प्रत्येक प्रकारे मोडताना देईल का? तीन: आपण जे दुर्मीळ म्हणून सोडतो आहोत, ते घडलंच तर यंत्र माणसांना उतरायला किती मिनिटं देईल? या तिन्हींची उत्तरं गुणांत देता येत नाहीत, शब्दांत द्यावी लागतात. आणि शब्दांत दिलेल्या उत्तरावर सही करताना माणसाचा हात जरा थांबतो. तो थांबावा, एवढंच आमचं मागणं.

मुंबईकर श्रोत्यांना एक सांगू का? हे सगळं उत्तर समुद्रातलं वाटतं. पण जुहूच्या धावपट्टीवरून बॉम्बे हायच्या तेलफलाटांकडे हेलिकॉप्टरं जात असतात. त्यात बसलेला माणूस डबा, बॅग आणि घरची काळजी घेऊन चाललेला असतो. त्याच्या डोक्यावर वजन उतरवण्यासाठी कुणीतरी केलेली निवड फिरत असते. तिच्या मागचा तर्क त्याने तपासावा अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणून तो इतरांनी तपासायचा.

वेळ होत आला. एक-दोन प्रश्न घेतो.

श्रोता: सर, म्हणजे ग्रहमाला सोडूनच द्यावी का?

नाही. टुरॉयनंतर त्या कुळातल्या हेलिकॉप्टरांत वापरात असलेल्या दोन प्रकारच्या प्लॅनेट गिअरपैकी एकच ठेवला, त्याची वापरमुदत कमी केली, कणांची तपासणी कडक केली. ग्रहमाला तीच राहिली. ते चूक होतं असं आम्ही म्हणणार नाही. पण गिअरच्या अंगावरच बेअरिंगची वाट कोरून वाचवलेलं वजन, आणि त्यामुळे तड्याला दात्यांपर्यंत मिळालेला सरळ रस्ता, हा व्यवहार पुढच्या आराखड्यात उघडपणे लिहिला जावा, असं जरूर म्हणू.

श्रोता: पण इतका विचार करत बसलं तर यंत्र कधी उडणारच नाही.

खरं आहे, आणि ही शंका आम्हालाही वाटते. उत्तर एवढंच, की आम्ही विचार वाढवा म्हणत नाही. तो कुठे करायचा ते सांगतो. आठ प्लॅनेटचा भार दशांशापर्यंत मोजायला माणसं वर्षं देतात. ‘एक प्लॅनेट मोडला तर?’ या प्रश्नाला एक दुपार द्यायला हरकत नसावी.

पुढच्या वेळी योग्यतेची ही अट वैद्यकीय चाचण्यांना लावून बघू.